धुतलेला एक्स-रे

केसपेपरावर एक प्रश्न ठरलेला असायचा. डॉक्टर नवा, खोली नवी, कागद नवा, पण प्रश्न तोच. गरोदरपणी काही झालं होतं का? कसलं औषध, ताप, कुठे पडलात वगैरे? रत्नप्रभा धुरी म्हणायची, "नाही." आठ वर्षांत हे 'नाही' इतक्यांदा म्हणून झालं होतं, की आता ते तोंडातून आपोआप पडायचं, कंडक्टरला स्टॉपचं नाव सांगावं तसं. फक्त ते म्हणताना तिची मान खाली जायची. कुणाच्या ते लक्षात येत नसे, कारण लिहिणाऱ्याची मानही खालीच असायची.

अठ्ठ्याऐंशी सालच्या नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी ती मुलुंडच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात बाकावर बसली होती. कांजूरमार्गहून सकाळी सातची बस धरून आली होती आणि आता साडेअकरा होत होते. शेजारी अनुपमा, तिची मुलगी, दोन्ही पाय हलवत बसली होती. 'पाय हलवू नकोस' हे सांगून सांगून रत्नप्रभाने केव्हाच सोडून दिलं होतं.

अनुपमाचा डावा कान चांगला, टोचलेला, त्यात मोत्याची कुडी. उजव्या कानाच्या जागी मात्र शेंगदाण्याएवढा मांसाचा गोळा, आणि त्याच्या मागे गेल्या वर्षीच्या ऑपरेशनचा वण. जन्मतःच तशी आली होती. बारशाच्या आधी सोनार कान टोचायला घरी आला, त्याने डावा टोचला, मग उजवीकडे वळला आणि तार हातात धरून तसाच बसून राहिला. दुसरी कुडी रत्नप्रभाने कापसात गुंडाळून शिलाई मशीनच्या खणात ठेवली. ती अजून तिथेच होती. शाळेत दोन वेण्या दुमडून कानांवर रिबिनी बांधायचा नियम होता, आणि त्या नियमाचे रत्नप्रभाने मनातल्या मनात फार आभार मानले होते.

कान करून मिळतो, हे तिला चाळीतल्या कुणी तरी सांगितलं. बरगडीच्या टोकाचं मऊ हाड काढायचं, ते कोरून कानाचा सांगाडा करायचा आणि कातडीखाली बसवायचा. डॉक्टर जयवंतबाई, म्हणजे शुभा जयवंत, हे काम करायच्या. मुलगी सात वर्षांची होईपर्यंत थांबा, बरगडी पुरेशी मोठी होऊ दे, म्हणाल्या. रत्नप्रभा थांबली. गेल्या डिसेंबरात ऑपरेशन झालं. आठ दिवस सगळं ठीक होतं. नवव्या दिवशी पट्टी सोडली तर कातडी काळी पडलेली. आतलं सगळं काढून टाकावं लागलं.

जयवंतबाईंनी तेव्हा काही लपवलं नाही. कातडी पातळ होती, रक्त पोचलं नाही, म्हणाल्या. "आता दुसऱ्या बाजूच्या बरगड्या आहेत. एक वर्ष जाऊ दे, मग परत करू. पण तेव्हाही कान नाही धरला, तर माझ्याकडे तिला द्यायला काही उरत नाही. हे आत्ताच सांगून ठेवते."

इतकं खरं बोलणारी बाई रत्नप्रभाने हॉस्पिटलात दुसरी पाहिली नव्हती. आणि घरी जाताना बसमध्ये तिच्या डोक्यात एक गोष्ट आली ती बसलीच. एवढ्या खऱ्या बाईशी आपण खोटं बोललो. म्हणून कान धरला नाही. हे खुळ्यासारखं आहे हे तिलाही कळत होतं. ती सातवी शिकलेली होती, ब्लाउज शिवून घराला हातभार लावत होती, अंगारे-धुपारे करणाऱ्यांतली नव्हती. पण कळून काय होतंय? वर्षभर ती मशीनवर बसली की पायांबरोबर तेच फिरायचं. परवा गुरुवारी दुसरं ऑपरेशन. त्याच्या आत खरं सांगितलं नाही, तर हाही कान जाणार आणि तो आपल्यामुळे जाणार.

आता ते खरं काय, ते सांगायला हवं.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत मोठं सूर्यग्रहण लागलं होतं. शनिवारची दुपार. मुंबई अशी चिडीचूप झालेली लोकांनी संपातसुद्धा पाहिली नसेल. चाळीतली दारं लागली, पाण्याच्या हंड्यांवर तुळशीची पानं पडली, आणि रत्नप्रभाची सासू आतल्या खोलीत डोळे मिटून जपाला बसली. रत्नप्रभा मोरीपाशी उभी होती. तिची पाळी चुकून अठरा दिवस झाले होते. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्याच महिन्यात तिने आनंदाने सांगून टाकलं होतं, सासूने चाळभर पेढे वाटले होते, आणि पंधरा दिवसांत सगळं वाहून गेलं होतं. ज्या बायकांनी पेढे खाल्ले, त्याच मग समजूत घालायला आल्या. तेव्हाच तिने ठरवलं होतं, पुढच्या वेळी तीन महिने पुरे होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

दत्ताराम, तिचा नवरा, स्वयंपाकघरात आला. हातात त्याच्या वारलेल्या बापाचा छातीचा एक्स-रे, ट्रंकेतून काढलेला. काळ्या फिल्ममधून ग्रहण बघता येतं असं गिरणीत कुणीतरी सांगितलं होतं, आणि त्याचा धाकटा भाऊ लवू बाहेर वाट बघत होता.

"पटकन दोन तुकडे कर," दत्ताराम हळूच म्हणाला. "आयेला कळलं तर वाट लागली."

पोटुशी बाईने ग्रहणात काही कापायचं नसतं. चिरायचं नाही, मोडायचं नाही, मुडपायचं नाही. हे काय तिला कुणी शिकवायला हवं होतं? पण 'मी नाही कापत' म्हटलं असतं तर त्याने 'का' विचारलं असतं. तिने मशीनवरची कात्री उचलली आणि सासऱ्याच्या बरगड्यांच्या मधोमध चालवली. फिल्म जाड होती, करकर वाजली. एवढंच. दत्ताराम दोन तुकडे सदऱ्यात लपवून बाहेर गेला आणि तिने कात्री जागेवर ठेवली.

ऑक्टोबरात अनुपमा झाली. सासूने बाळाला मांडीवर घेतलं, दुपट्याचा काठ बाजूला केला आणि कानाची जागा बघितली. मग बोटांच्या पेरांवर महिने मोजले. उलटे.

"माघातल्या गिराणात तू काय कापलंस गो?" तिने विचारलं. "खरा सांग."

"काही नाही," रत्नप्रभा म्हणाली.

ते पहिलं 'नाही'. दत्ताराम तेव्हा दारात उभा होता. त्याने ऐकलं. तो काहीही न बोलता चपला घालून बाहेर गेला. त्यानंतर महिन्याभरात त्याने गिरणीत रातपाळी मागून घेतली. पुढे संपात गिरणी गेली, भांडुपच्या रंगाच्या कंपनीत वॉचमनची नोकरी लागली, तिथेही त्याने रात्रीचीच ड्यूटी धरली. ती झोपायची तेव्हा हा कामावर, हा झोपायचा तेव्हा ती मशीनवर. दुसरं मूल झालं नाही, होणार कुठून? नवरा वाईट नव्हता. पगार आणून द्यायचा, पोरीला खांद्यावर घेऊन फिरवायचा, दारूला शिवत नसे. फक्त रत्नप्रभाकडे सरळ बघायचा नाही. आणि एक विचित्र होतं, कात्रीला हात लावायचा नाही. धार लावायला ती देऊ लागली की म्हणायचा, तूच जा. तिने याचा अर्थ आपल्या परीने लावून घेतला होता. याला सगळं आठवतं, हा आपल्याला माफ करत नाही, आणि बोलून दाखवण्याइतका दुष्ट नाही.

सासू मात्र बोलून दाखवायची. वर्षातून दोनदा, पंचांगात ग्रहण आलं की. "खरा सांगलंस नाय तू माका."

"धुरी, अनुपमा," शिपायाने हाक मारली.

जयवंतबाई थकलेल्या दिसत होत्या. त्यांचा टेबलावरचा चहा साय धरून थंड झाला होता. अनुपमाला त्यांनी स्टुलावर बसवलं, चांगला कान उजेडाकडे वळवला आणि खणातून प्लास्टिकचा एक निळसर, पारदर्शक तुकडा काढला. तो कानावर धरून त्या पेनने कानाची रेघ उमटवू लागल्या. बाहेरची कड, आतली घडी, पाळी. हा नमुना ऑपरेशनच्या वेळी समोर ठेवून बरगडी कोरायची, हे त्यांनी मागच्या वेळीच सांगितलं होतं, पण तेव्हा आखताना रत्नप्रभाला बाहेर थांबवलं होतं.

"कसलं प्लास्टिक हे?" तिने उगाच विचारायचं म्हणून विचारलं.

"जुना एक्स-रे. सोड्याच्या गरम पाण्यात धुतला की काळं निघून जातं." बाईंनी कात्री उचलली. "कापायला बरा पडतो."

आणि कात्री चालली. करकर.

रत्नप्रभाने टेबलाची कड धरली.

"मॅडम, मी कापलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"ग्रहणात. असाच एक्स-रे. मला दिवस गेले होते आणि मी कापला. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हटलं. सगळ्यांना नाही म्हटलं. म्हणून मागचा कान गेला."

एकदा सुरू झाल्यावर ती थांबलीच नाही. पेढे, मोरी, लवू, कात्री, सगळं ओघाने आलं. अनुपमा स्टुलावर मान वाकडी करून ऐकत होती. तिला एकाच कानाने ऐकू यायचं, पण तेवढ्याने ती पुष्कळ ऐकायची.

जयवंतबाईंनी कात्री खाली ठेवली. "हे बघा," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "कान पोटात फार लवकर तयार होतो. पाळी चुकल्यावर दोनेक आठवड्यांत. तेव्हा बऱ्याच बायकांना कळलेलंही नसतं. तिथेच काहीतरी बिनसतं, का ते आम्हालाही ठाऊक नाही. त्याचा कात्रीशी..."

त्या बोलता बोलता थांबल्या. समोरची बाई बोटांच्या पेरांवर मोजत होती.

"अठरा दिवस झाले होते," रत्नप्रभा म्हणाली. "म्हणजे तेव्हाच."

धीर द्यायला जावं आणि नेमकं तेच हत्यार समोरच्याच्या हातात पडावं, असं जयवंतबाईंचं झालं होतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. पुढे बोलल्या तेव्हा आवाजात समजूत नव्हती, नुसता कंटाळा होता, आणि तोच जास्त खरा वाटला.

"बारा वर्षं हे काम करतेय मी. असे दीडशे कान तरी बघितले असतील. दरवर्षी येतात, दर महिन्याला येतात. तेवढी ग्रहणं झाली का हो?"

रत्नप्रभाने यावर विचार केला. उत्तर चोख होतं. तिला ते पटलंसुद्धा, डोक्यात. खाली छातीपर्यंत ते पोचायला वेळ लागणार होता.

"यजमानांनी कधी काही म्हटलं?"

"नाही."

"तुम्ही विचारलंत?"

"नाही."

बाईंनी नमुना उचलून अनुपमाच्या उजव्या बाजूला धरून बघितला. रत्नप्रभा न राहवून म्हणाली, "उलटा धरा ना, मॅडम. नाहीतर डावाच कान उजवीकडे जाईल. ब्लाउजच्या पुढच्या भागाला कागद उलटा करावा लागतो."

"उलटाच करणार आहे," जयवंतबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच थोडं हसल्या. "पण लक्ष आहे तुमचं. चला, उद्या भरती व्हा."

बुधवारी दुपारी अनुपमाला खाट मिळाली. चार वाजता भेटीची वेळ सुरू झाली तशी सासू आली, मऊ भाताचा डबा घेऊन, आणि तिच्यामागून दत्ताराम, झोप न झालेल्या लाल डोळ्यांनी. सासू स्टुलावर टेकली. दत्ताराम खाटेच्या पायथ्याशी दांडा धरून उभा राहिला. रत्नप्रभा नातेवाइकांसाठी ठेवलेल्या बाकावर होती.

तेवढ्यात भूल देणारे डॉक्टर फॉर्म घेऊन आले. टक्कल पडलेले, घाईत असलेले गृहस्थ. वजन विचारलं, सर्दी-खोकला विचारला, मग न बघता म्हणाले, "आईच्या गरोदरपणी काही झालं होतं का?"

रत्नप्रभाचं तोंड उघडलं. सासूची नजर तिच्यावर होती. काल जयवंतबाईंसमोर जे घडाघडा बोलली, ते इथे जिभेवर येईना. शेवटी सवयीचा तो शब्द बाहेर पडायच्या बेतात असताना अनुपमा उशीवरून म्हणाली, "आईने ग्रहणात एक्स-रे कापला होता." मग बापाकडे वळून, "बाबा, त्यातून सूर्य कसा दिसला?"

सासूचा डब्याच्या झाकणावरचा हात थांबला. रत्नप्रभाला वाटलं, आता. आठ वर्षं जे टाळलं ते आता या खाटेपाशी, परक्या माणसासमोर होणार. तिने दत्तारामकडे बघितलंही नाही. तो बाहेर जाईल हे तिला माहीत होतं. चपला तर पायातच होत्या.

दत्ताराम हलला नाही.

"मी बघितलाच नाही," तो म्हणाला. "लवूने बघितला. मला भीती वाटली." मग आईकडे वळला. "आये, तो मीच कापूक सांगलंय. ती नको म्हणाक होयी होती, पण ती सांगतली कशी? पोटाशी आसा ह्या माका ठावक नव्हता. मगे ठावक झाला, आणि मी गप रवलंय."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली.

"आठ वर्सा?" ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

"आठ वर्सा मी हिका बोलतंय, आणि तू ऐकत रवलंस?"

डॉक्टरांनी पेन आपटल्यासारखं केलं. "अहो, ते ग्रहण वगैरे जाऊ दे. औषध घेतलं होतं? ताप? पडल्या होत्या?"

"नाही," दत्ताराम म्हणाला.

डॉक्टरांनी चौकटीत 'नाही' लिहिलं आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. रत्नप्रभा त्या कागदाकडे बघत राहिली. आठ वर्षं जी गोष्ट तिने छातीत कोंडून ठेवली, ती सगळी सांगून झाल्यावरही त्या चौकटीत तेच लिहायचं होतं. तिला रडू यायला हवं होतं, पण तेवढं त्राण नव्हतं.

सासूने डबा उघडला. चमचा घेतला, परत ठेवला. मग न बघताच म्हणाली, "तू सकाळपासून कायतरी खाल्लंस काय गो?" आणि डबा अनुपमाच्या आधी रत्नप्रभाच्या हातात दिला.

भेटीची वेळ संपल्यावर दत्ताराम व्हरांड्यात थांबला होता. रत्नप्रभा रिकामा डबा धुऊन नळावरून आली, तर तो तिथेच, भिंतीला टेकून.

"कामाला जायचं नाही?" तिने विचारलं.

"जातो." तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. "मला वाटायचं, तू मला दोष देतेस. कापायला लावलं म्हणून. म्हणून तोंड दाखवायची लाज वाटायची."

"मला वाटायचं, तुम्ही मला देता."

एवढंच बोलणं झालं. ते ऐकून दोघांनाही हलकं वगैरे वाटलं नाही. उलट रत्नप्रभाला भयंकर राग आला, त्याचा, स्वतःचा, त्या आठ वर्षांचा. तिशीतली वर्षं गेली. एका खोलीत राहून दोन माणसं एकमेकांना चुकवत राहिली, आणि कशासाठी, तर दोघांनीही न बघितलेल्या ग्रहणासाठी. पण रागवायलाही ताकद लागते. ती डबा घेऊन आत गेली.

गुरुवारी ऑपरेशन झालं. डाव्या बाजूच्या बरगड्यांचा कान, धुतलेल्या एक्स-रेच्या नमुन्याबरहुकूम. नऊ दिवस रत्नप्रभा खाटेपाशी बसून होती. दहाव्या दिवशी जयवंतबाईंनी पट्टी सोडली. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, तिच्याने बघवेना. दत्ताराम बघत होता. यावेळी त्याने बघितलं.

"रंग चांगला आहे," जयवंतबाई म्हणाल्या. "अजून दोन छोटी ऑपरेशनं आहेत, लगेच नाचू नका. पण धरलाय."

रत्नप्रभा वळली. कान सुजलेला होता, ओबडधोबड, डाव्यासारखा अजिबात नाही. पण गुलाबी होता. तिच्या मनात आलं, मशीनच्या खणातली कुडी कधी तरी काढायला हरकत नाही. विचारायला हवं, पाळी टोचता येईल का. आज नको.

दत्ताराम कामावर निघाला. दारापाशी घुटमळला, म्हणाला, "सोमवारपासून दिवसपाळी मागितलीये. देतील बहुतेक."

तिने पिशवीतून कात्री काढली. ऑपरेशनच्या दिवसांत वेळ जावा म्हणून ती खाटेशेजारी बसून हात-शिलाईची कामं करत होती, आणि कात्री पार बोथट झाली होती.

"भांडुपला जाताय ना," ती म्हणाली. "हिला धार लावून आणा."

त्याने कात्रीकडे बघितलं. मग ती हातात घेतली, रुमालात गुंडाळली आणि सदऱ्याच्या आत ठेवली.